जागेवर नसलेला मुख्य अभियंता : ब्रुकलिन पुलाच्या बांधकामातील एक प्रकरण

सप्टेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन या तेव्हाच्या दोन स्वतंत्र शहरांना जोडणाऱ्या पुलाच्या विश्वस्त मंडळापुढे एक ठराव मतदानासाठी आला. पुलाचे काम संपत आले होते. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग हे आजारपणामुळे जवळजवळ दहा वर्षे कामाच्या जागेवर आलेले नव्हते, म्हणून त्यांना त्या पदावरून हलवून सल्लागार अभियंता करावे आणि मुख्य अभियंत्याची जागा त्यांचे ज्येष्ठ सहायक सी. सी. मार्टिन यांना द्यावी, असा तो ठराव होता. रोब्लिंग आजारी आहेत याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. वाद होता तो मुख्य अभियंत्याचे काम नेमके कशात असते याविषयी, आणि शारीरिक अपंगत्वासह अभियांत्रिकीत उभे राहू पाहणाऱ्या कोणाही माणसापुढे आजही हाच वाद वेगवेगळ्या रूपांत येतो, म्हणून हे जुने प्रकरण तपशिलाने अभ्यासण्यासारखे आहे.

या प्रकरणाची सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट अशी की, अंथरुणाला खिळलेला अभियंता घराच्या खिडकीतून दुर्बिणीने पुलावर लक्ष ठेवत राहिला आणि त्याच्या जिद्दीने पूल पूर्ण झाला. ही गोष्ट खोटी नाही, पण ती फार अपुरी आहे. दुर्बिणीने पूल बांधता येत नाही. जिद्दीवर भर दिला की ज्या व्यवस्थेमुळे रोब्लिंग यांना पदावर राहून काम करता आले ती व्यवस्था झाकली जाते, आणि दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडू शकेल असे या प्रकरणात जे काही आहे ते त्या व्यवस्थेतच आहे.

पार्श्वभूमी

पुलाची मूळ कल्पना आणि आराखडा वॉशिंग्टन यांचे वडील जॉन रोब्लिंग यांचा. तारदोरांचा कारखाना चालवणारे आणि झुलत्या पुलांसाठी ख्याती मिळवलेले जॉन रोब्लिंग १८६९ च्या उन्हाळ्यात पुलाच्या जागेची पाहणी करत असताना फेरीबोटीच्या धक्क्यात त्यांचा पाय चिरडला, धनुर्वात झाला आणि काही आठवड्यांत त्यांचा मृत्यू झाला. मुख्य अभियंत्याची जबाबदारी बत्तीस वर्षांच्या वॉशिंग्टन यांच्यावर आली. ते रेन्सेलर पॉलिटेक्निक या संस्थेतून १८५७ मध्ये शिकून बाहेर पडले होते, अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी सैन्यात काम केले होते, वडिलांच्या हाताखाली सिनसिनाटीच्या पुलावर अनुभव घेतला होता आणि त्यानंतर युरोपात जाऊन पाण्याखालील पायाभरणीचे तंत्र जवळून पाहिले होते. त्या प्रवासात त्यांची पत्नी एमिली त्यांच्यासोबत होत्या, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

पुलाचे दोन मनोरे नदीतल्या पायावर उभे करायचे होते आणि त्यासाठी केसन वापरायचे ठरले होते. केसन म्हणजे तळ नसलेली प्रचंड लाकडी पेटी. ती नदीच्या तळावर टेकवायची, आत दाबाने हवा भरून पाणी बाहेर ठेवायचे, मजुरांनी आत उतरून तळाची माती आणि दगड खणायचे, आणि त्याच वेळी पेटीच्या छतावर मनोऱ्याचे दगडकाम चढवत जायचे, म्हणजे वजनाने पेटी हळूहळू खाली जाते. ब्रुकलिनच्या बाजूची पेटी १६८ फूट लांब आणि १०२ फूट रुंद होती. जितके खाली जावे तितका आतल्या हवेचा दाब वाढवावा लागतो. ब्रुकलिनचा पाया साडेचव्वेचाळीस फुटांवर थांबला, पण न्यूयॉर्कच्या बाजूची पेटी अठ्ठ्याहत्तर फुटांच्याही खाली गेली, आणि तिथे काम करणाऱ्यांच्या शरीरावरचा एकूण दाब नेहमीच्या वातावरणाच्या तिपटीहून अधिक होता.

जास्त दाबाखाली रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक नायट्रोजन विरघळतो, आणि माणूस झपाट्याने साध्या दाबात आला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू आणि मेंदू यांना इजा होते. हे कारण फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये मांडले. टप्प्याटप्प्याने दाब उतरवण्याचे शास्त्रीय कोष्टक १९०८ मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्यामुळे मिळाले. पुलाच्या पायात मजूर उतरत होते तेव्हा यातले काहीच हाती नव्हते. न्यूयॉर्कच्या पायासाठी नेमलेले डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी उपचार कराव्या लागलेल्या ११० रुग्णांची नोंद केली आणि बाहेर येताना अधिक वेळ घ्यावा असे सुचवले, पण त्यांनी सुचवलेला वेळही आजच्या ज्ञानाप्रमाणे फारच कमी होता.

रोब्लिंग हे कचेरीत बसून हुकूम देणारे अभियंते नव्हते. पायाखालचे मोठे दगड सुरुंगाने फोडता येतील का, हे त्यांनी स्वतः पेटीत उतरून तपासले. डिसेंबर १८७० मध्ये ब्रुकलिनच्या पेटीच्या लाकडी छतात आग शिरली तेव्हा ते रात्रभर आत होते, बाहेर काढल्यावर कोसळले आणि तरीही परत येऊन सगळी पेटी पाण्याने भरण्याचा निर्णय त्यांनीच घेतला. १८७२ च्या वसंत ऋतूत न्यूयॉर्कच्या पायात मजुरांचे मृत्यू होऊ लागले, तेव्हा खडक लागेपर्यंत खणत राहायचे की थांबायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. तळाची वाळू घट्ट बसलेली आहे आणि ती मनोऱ्याचा भार पेलेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि पेटी वाळूवरच थांबवली. तो मनोरा आजही वाळूवर उभा आहे. माझ्या मते संपूर्ण पुलावरचा हा सर्वांत धाडसी अभियांत्रिकी निर्णय होता, आणि त्याने किती जीव वाचवले याची गणती होऊ शकत नाही.

त्याच वर्षी रोब्लिंग स्वतः पेटीतल्या दाबामुळे होणाऱ्या त्या व्याधीने कायमचे खचले. हातापायांत असह्य वेदना, टोकाचा थकवा, क्षीण झालेली दृष्टी, आवाज आणि माणसांची वर्दळ सहन न होणे, थोडा वेळ बोलले तरी त्राण जाणे, असे या दुखण्याचे स्वरूप होते. म्हणजे हे केवळ चालता न येण्याचे अपंगत्व नव्हते. वाचन, लेखन आणि बैठक ही अभियंत्याची तिन्ही रोजची साधने त्यांच्याकडून अंशतः काढून घेतली गेली होती. शाबूत होती ती स्मरणशक्ती, गणित आणि निर्णयबुद्धी.

कामाची फेरमांडणी

१८७२-७३ च्या हिवाळ्यात, आपण पूल पूर्ण झालेला पाहायला जगू की नाही याची खात्री नसताना, रोब्लिंग यांनी उरलेल्या कामाच्या तपशीलवार सूचना आणि रेखाटने तयार करण्याचा सपाटा लावला. मनोरे, केबलींचे नांगर (म्हणजे केबलींची टोके जमिनीत पक्की धरून ठेवणारी बांधकामे), तारा ओढण्याची पद्धत, लोंबत्या दोऱ्या, पुलाचा पृष्ठभाग, असे एकेक अंग त्यांनी कागदावर उतरवले. जागेवर उभे राहून तोंडी सांगण्याची सवय असलेला अभियंता जे ज्ञान डोक्यात ठेवून फिरतो ते सगळे येथे लिखित झाले. ही आजारपणाची तडजोड होती असे मला वाटत नाही. इतक्या काटेकोर लेखी सूचना निरोगी मुख्य अभियंत्यानेही द्यायला हव्या असतात. बहुतेक जण देत नाहीत, कारण त्यांना स्वतः जाऊन चूक दुरुस्त करता येते.

१८७३ मध्ये ते उपचारासाठी जर्मनीतील वीसबाडेन येथे गेले, परतल्यावर काही वर्षे शेजारच्या न्यू जर्सी राज्यात ट्रेंटन येथे राहिले आणि १८७७ मध्ये ब्रुकलिन हाइट्सवरील पूल दिसणाऱ्या घरात आले. याचा अर्थ असा की, दुर्बिणीच्या गोष्टीत जी खिडकी येते ती बरीच उशिरा मिळाली. ऑगस्ट १८७६ मध्ये दोन मनोऱ्यांमधून पहिला तारदोर ओढला गेला आणि मुख्य मिस्त्री फॅरिंग्टन हे त्यावरून लटकत्या आसनात बसून नदी ओलांडून गेले, तेव्हा मुख्य अभियंता दुसऱ्या राज्यात होता आणि सारा व्यवहार पत्रांनी चालला होता. त्या काळात पुलाचे काम अडले नाही, कारण मार्टिन, कॉलिंगवूड, पेन, हिल्डेनब्रँड, प्रोबॅस्को आणि मॅकनल्टी हे सहायक अभियंते वर्षानुवर्षे तेच राहिले. प्रत्येकाकडे कामाचा ठरावीक भाग होता, प्रत्येकाला रोब्लिंग यांची विचार करण्याची पद्धत ठाऊक होती, आणि शंका आली तर कोणाला लिहायचे व उत्तर कोठून येईल हे निश्चित होते. सहायक वारंवार बदलले असते तर हीच पद्धत काही महिन्यांत कोलमडली असती.

या व्यवहाराच्या मध्यभागी एमिली रोब्लिंग होत्या. पतीची दृष्टी आणि शक्ती कमी पडू लागली तेव्हा त्या पत्रे वाचून दाखवू लागल्या, सांगितलेला मजकूर लिहून घेऊ लागल्या आणि निरोप घेऊन पुलावर जाऊ लागल्या. पण एवढ्यावरच थांबणे त्यांना शक्य नव्हते, कारण जागेवरचा अभियंता निरोपावर प्रतिप्रश्न विचारतो आणि केवळ निरोप्या असलेल्या माणसाला प्रत्येक प्रश्न परत घरी न्यावा लागतो. म्हणून त्यांनी विषयच शिकून घेतला : पदार्थांची मजबुती, ताणांचे गणित, लटकत्या केबलीचा वक्र, केबल बांधणीची रीत, करारांच्या अटी. सहायक अभियंते, कंत्राटदार आणि अधिकारी त्यांच्याशी तांत्रिक चर्चा करू लागले. रोब्लिंग यांना खोलीबाहेरचे जग त्यांच्यामार्फत कळत होते, आणि जे कळत होते ते विश्वासार्ह होते, कारण सांगणारीला काय पाहायचे हे कळत होते.

ही व्यवस्था किती भक्कम होती याची कसोटी १८७८ मध्ये लागली. केबलींसाठी लागणाऱ्या पोलादी तारेचे कंत्राट जे. लॉइड हेग यांना मिळाले होते. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात उघडकीस आले की तपासणीत उत्तीर्ण झालेली चांगली तार पुलाकडे नेताना वाटेत बदलली जात होती आणि तिच्या जागी नाकारलेली तार येत होती. तोवर बरीच निकृष्ट तार केबलींमध्ये विणली गेली होती आणि ती परत काढणे शक्य नव्हते.

रोब्लिंग जागेवर असते तर ही फसवणूक लवकर सापडली असती का? मला तसे वाटत नाही. पुलावर धडधाकट अभियंते आणि तपासनीस रोज हजर होते, तरी ती काही काळ चालली, कारण दोष तारेच्या प्रवासावर लक्ष ठेवण्याच्या पद्धतीत होता आणि तारेच्या वाहतुकीवर पाळत ठेवल्यावरच तो सापडला. यावर काढलेला उपाय मात्र पूर्णपणे डोक्याने करायचा होता. रोब्लिंग यांनी मूळ गणितात केबलींना गरजेच्या सहापट मजबुती दिली होती. निकृष्ट तारेमुळे त्यात किती घट होईल याचा हिशोब करून, घट झाल्यावरही पूल सुरक्षित राहील असे त्यांनी दाखवले आणि कंत्राटदाराच्या खर्चाने प्रत्येक केबलीत सुमारे १५० जादा तारा घालायला लावल्या. प्रत्येक केबलीत आज ५,४३४ तारा आहेत त्या यामुळे. ज्या माणसाला त्या दिवसांत बैठकीला बसणे झेपत नव्हते त्याने हा निर्णय घेतला, आणि तो बरोबर ठरला.

ठराव आणि त्यामागची शंका

इतके असूनही १८८२ मध्ये पद काढून घेण्याची वेळ आली. त्याची कारणे सगळी वाईट हेतूंची नव्हती. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला होता, पोलादाचा पुरवठा रेंगाळला होता, आणि पुलावरून जड आगगाड्या नेण्याची मागणी आल्यामुळे आराखड्यात बऱ्याच पोलादाची भर घालावी लागली होती. ब्रुकलिनचे तरुण महापौर सेठ लो यांना उत्तरे हवी होती, आणि ज्या अधिकाऱ्याकडे ती मागायची तो बैठकीला येत नव्हता. विश्वस्तांनी बोलावले तेव्हाही रोब्लिंग, त्या उन्हाळ्यात ते जिथे राहत होते त्या न्यूपोर्टहून, आले नाहीत. सार्वजनिक पैशाचा हिशोब मागणाऱ्याची ही अडचण खरी होती आणि ती नाकारून रोब्लिंग यांची बाजू घेता येत नाही.

परंतु त्या अडचणीला जोडून जी शंका पसरली ती वेगळ्या जातीची होती. रोब्लिंग यांना अर्धांगवायू झाला आहे, त्यांचे मन भ्रमिष्ट झाले आहे, सगळे काम त्यांची पत्नीच चालवते, असे बोलले आणि छापले जात होते. त्यांचे दुखणे बाहेरून दिसणारे नव्हते. ते लोकांसमोर येत नव्हते म्हणून लोकांनी ती पोकळी कल्पनेने भरली. अपंग अभियंत्याच्या वाट्याला येणारा हा अनुभव आजही ओळखीचा आहे : एखादी शारीरिक क्रिया जमत नाही हे कळले की बुद्धीविषयीही शंका घेतली जाते, आणि त्याने घेतलेल्या साहाय्याचे रूपांतर त्याच्याविरुद्धच्या पुराव्यात होते.

शेवटी ठराव १० विरुद्ध ७ मतांनी फेटाळला गेला. पदाचे मोजमाप दहा विश्वस्तांनी वेगळ्या रीतीने केले असे यातून दिसते. मुख्य अभियंत्याने आराखडा जाणला पाहिजे, अडचणीत निर्णय दिला पाहिजे आणि त्या निर्णयाची जबाबदारी घेतली पाहिजे. मनोऱ्यावर चढणे हे त्या पदाचे एक साधन आहे आणि ते दुसऱ्याच्या पायांनी होऊ शकते. अमेरिकेत १९९० मध्ये अपंगत्वाविषयीचा कायदा झाला तेव्हा पदाची अत्यावश्यक कामे आणि बाकीची कामे असा भेद करावा, आणि अत्यावश्यक कामे करता यावीत यासाठी वाजवी सोयी द्याव्यात, हे तत्त्व कायद्यात आले. १८८२ च्या विश्वस्तांपुढे तो कायदा नव्हता. त्यांच्यापुढे फक्त दहा वर्षांचे काम होते, आणि ते तीन मतांच्या फरकाने पुरले. तीन मते म्हणजे फार थोडी मते, हे विसरू नये.

पूल २४ मे १८८३ रोजी खुला झाला. मुख्य गाळा १,५९५ फुटांचा होता आणि तेव्हा जगातल्या कोणत्याही झुलत्या पुलाचा गाळा इतका लांब नव्हता. उद्घाटनाच्या भाषणात अमेरिकन काँग्रेसचे सदस्य एब्रम ह्यूइट यांनी एमिली रोब्लिंग यांचा गौरव केला आणि स्त्रियांना उच्च शिक्षणापासून फार काळ दूर ठेवले गेले असे स्पष्ट म्हटले. रोब्लिंग समारंभाला गेले नाहीत. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर त्यांच्या घरी आले.

या प्रकरणातील उणीव

रोब्लिंग यांना मिळालेली सोय कोणी दिली आणि तिची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विचारल्याशिवाय हा अभ्यास प्रामाणिक होणार नाही. एमिली यांना कोणतेही पद नव्हते आणि वेतन नव्हते. अकरा वर्षे त्यांनी जे केले ते आज वाचक, लेखनिक, दुभाषी, कार्यस्थळ प्रतिनिधी आणि प्रकल्प समन्वयक अशा अनेक जणांत वाटले जाईल. संस्थेने आपल्या अधिकाऱ्यासाठी करायची व्यवस्था कुटुंबातल्या एका व्यक्तीवर गेली, आणि ती व्यक्ती योगायोगाने विलक्षण बुद्धीची निघाली म्हणून व्यवस्था टिकली. पुलावर त्यांच्या नावाचा फलक १९५१ मध्ये ब्रुकलिनच्या अभियंत्यांच्या मंडळाने लावला, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. अपंग अभियंत्याची नोकरी त्याच्या घरच्या माणसांच्या त्यागावर उभी असेल तर तिला सोय म्हणता येत नाही. ते घरातले माणूस आजारी पडले, थकले किंवा त्याने स्वतःचे काम करायचे ठरवले की ती नोकरी संपते.

दुसरी उणीव याहून बोचणारी आहे. डॉक्टर स्मिथ यांच्या नोंदीतले ११० रुग्ण त्याच हवेत, त्याच दाबात, त्याच आजाराने पडले होते. मे १८७२ मध्ये मजुरांनी चार तासांच्या दिवसाला तीन डॉलर मागून संप केला, याचे कारण तेच भय होते. त्यांच्यापैकी जे लंगडे किंवा अधू झाले त्यांना कामाची फेरमांडणी करून मिळाली नाही, कारण फावड्याचे काम पत्राने करता येत नाही आणि दुसरे काम देण्याची कल्पना कोणाला सुचली नाही. रोब्लिंग यांच्यामागे वडिलांचे नाव होते, घरचा कारखाना होता, वीसबाडेनला जाण्याइतका पैसा होता. अभियांत्रिकीत अपंग माणसाला जागा मिळते की नाही हे पुष्कळदा त्याच्या शरीराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या हुद्द्यावर आणि हाताशी असलेल्या साधनांवर ठरते. शिकत असलेल्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या अपंग अभियंत्याची स्थिती रोब्लिंग यांच्यापेक्षा त्या मजुरांच्या अधिक जवळची असते. त्याला अजून नाव नसते आणि त्याच्याविषयी दहा वर्षांचा पुरावा नसतो, म्हणून त्याच्यासाठी सोयी आधी आणि पुरावा नंतर, असा क्रम असावा लागतो.

पुढची वर्षे

एमिली यांनी पूल झाल्यावर कायद्याचा अभ्यास केला, १८९९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्रमाणपत्र मिळवले आणि १९०३ मध्ये त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टन रोब्लिंग यांचे दुखणे कधीच पूर्ण गेले नाही, पण ते एकोणनव्वद वर्षे जगले. १८८२ मध्ये ज्यांना काम झेपत नाही असे सात विश्वस्तांना वाटले होते त्यांनी १९२१ मध्ये, पुतण्याच्या मृत्यूनंतर, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी घराण्याच्या तारदोर कंपनीचे अध्यक्षपद घेतले. ते १९२६ मध्ये मरण पावले. मधल्या काळात त्यांच्या कंपनीने हडसन नदीवरील बेअर माउंटन पुलाच्या केबली बांधून दिल्या, आणि तो पूल १९२४ मध्ये खुला झाला.